तीस लाखांचा डोळा सतरा हजारांत : लायडारच्या किमतीचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं गाडीवरच्या लेसरशी काय काम? माझं उत्तर सोपं आहे. मला त्या लेसरपेक्षा त्याच्या किमतीत रस आहे. किंमत हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे, आणि तो शाहूपुरीत मांडायला तर काहीच हरकत नसावी. ही पेठच व्यापाराची. गुळाच्या सौद्यात भाव कसा बोलला जातो, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पण गुळाचा भाव आज उतरतो, उद्या चढतो. काही वस्तूंचा भाव मात्र एकदा उतरायला लागला की उतरतच जातो. लायडार ही तशी वस्तू आहे. लायडार म्हणजे लेसरच्या साहाय्याने भोवतालच्या जगाचं त्रिमितीय चित्र काढणारं यंत्र, धावत्या गाडीचा डोळाच म्हणा. २००७ साली असा एक डोळा सुमारे ७५ हजार डॉलरला मिळायचा. त्या वेळच्या हिशेबाने तीस लाख रुपये. म्हणजे डोळा गाडीपेक्षा महाग! नोव्हेंबर २०२४ मध्ये हेसाई या चिनी कंपनीने जाहीर केलं की आपला नवा लायडार आपण दोनशे डॉलरच्या आत विकू. सतरा हजार रुपयांच्या आत. दोन्ही यंत्रं अगदी सारखी नाहीत हे खरं. पहिलं चहूबाजूंना बघायचं, दुसरं फक्त पुढे बघतं. तरीही हा फरक साडेतीनशे पटींहून जास्त आहे.

हे कसं घडलं, आणि घडलं तर त्याचा उपयोग कुणाला, एवढेच दोन प्रश्न आज घेऊ. दुसरा प्रश्न मी उगाच काढत नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. हा आकडा मनात ठेवा, आपण शेवटी त्याच्याकडे येणार आहोत.

आधी यंत्र समजून घेऊ. दरीच्या काठावर उभं राहून तुम्ही हाळी दिली आणि दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर समोरचा कडा किती लांब? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन सेकंदांत तो गेला आणि परतही आला, म्हणजे कडा ३४० मीटरवर. लायडारचं गणित हेच आहे, फक्त हाळीच्या जागी लेसरचा ठिपका. तो सोडायचा, वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून अंतर काढायचं.

अडचण प्रकाशाच्या वेगाची आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. सेकंदाचे एक अब्ज भाग केले तर त्यातल्या एका भागाला नॅनोसेकंद म्हणतात, तेवढ्यात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो. जाणं-येणं धरलं तर घड्याळ एका नॅनोसेकंदाने चुकलं की अंतर १५ सेंटीमीटरने चुकलं. शिवाय एका ठिपक्याने एकच बिंदू कळतो. समोर माणूस आहे, म्हैस आहे की विजेचा खांब, हे ओळखायचं तर दर सेकंदाला लाखो बिंदू हवेत. तेही धक्के खाणाऱ्या गाडीवर, उन्हात, पावसात. म्हणून हे यंत्र महाग होतं. उत्तम लेसर हवा, क्षीण प्रकाश टिपणारा ग्राहक हवा, अचूक घड्याळ हवं, आणि हे सगळं नेमकं जुळवणारा कुशल हात हवा.

आता इतिहास. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात ह्यूजेस कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला. माणिकाच्या कांडीतून निघालेला लाल प्रकाश. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने लेसरने अंतर मोजणारं यंत्र केलं. १९७१ मध्ये अपोलो १५ यानातून लेसरचं उंचीमापक चंद्राभोवती फिरलं आणि चंद्राचे उंचवटे-खळगे मोजून आलं. लक्षात घ्या, अंतर मोजण्याची विद्या लेसरइतकीच जुनी आहे. पण गिऱ्हाईक कोण? लष्कर, अंतराळ संस्था, हवामानशास्त्रज्ञ. तिथे किंमत हा अडथळा नसतो. जिथे किंमत अडत नाही, तिथे ती उतरवायची घाईही कुणाला नसते.

घाई सुरू झाली वाळवंटात. डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने १३ मार्च २००४ रोजी मोहावी वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची शर्यत लावली. बक्षीस दहा लाख डॉलर. एकही गाडी पोहोचली नाही. सगळ्यांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरसुद्धा गेली नाही. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, २१२ किलोमीटरचा रस्ता पाच गाड्यांनी पुरा केला. जिंकली ती स्टॅनफर्ड विद्यापीठाची स्टॅनली. तिच्या टपावर पाच लायडार होते, पण प्रत्येकाला जगाचा एकच पातळ काप दिसायचा. पाव कापताना एक चकती दिसते ना, तसा.

त्याच शर्यतीत डेव्हिड हॉल नावाचे एक गृहस्थ उतरले होते. त्यांची कंपनी वेलोडाइन. आणि ही कंपनी करायची काय, तर घरातल्या म्युझिक सिस्टीमचे सबवूफर! ढोलासारखा आवाज देणारे स्पीकर. हॉल यांनी एकाऐवजी ६४ लेसर एकावर एक रचले, त्यांच्यासोबत प्रकाश टिपणारे ग्राहक बसवले आणि सगळा डोलाराच टपावर गरगर फिरवला. सेकंदाला सुमारे दहा लाख बिंदू मिळू लागले. नोव्हेंबर २००७ मध्ये शहरी रस्त्यांसारख्या मार्गावर तिसरी शर्यत झाली. तेव्हा ती पूर्ण करणाऱ्या सहा गाड्यांपैकी पाचांवर हा फिरता डोळा होता. यंत्र चालतं हे सिद्ध झालं. किंमत मात्र ती तीस लाखांची. चौसष्ट लेसर एकेक करून जुळवायचे, फिरते भाग सांभाळायचे, आणि वर्षाला नग खपणार मोजके.

इथून पुढचा इतिहास म्हणजे किंमत उतरवण्याच्या वेगवेगळ्या वाटांचा इतिहास. सगळ्यांत ओळखीची वाट आपल्या शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात रोज चालली जाते. फाउंड्रीवाला काय म्हणतो? पॅटर्न महाग, कास्टिंग स्वस्त. पॅटर्नचा खर्च दहा नगांवर पडला तर नग परवडत नाही, दहा हजार नगांवर पडला तर त्याचं ओझं जाणवतही नाही. पण दहा हजारांची ऑर्डर आधी हवी, आणि लायडारच्या बाबतीत तीच नव्हती. गाडी कंपन्या म्हणायच्या, आधी स्वस्त करा, मग घेऊ. लायडारवाले म्हणायचे, आधी घ्या, मग स्वस्त करू. या कोंडीत दहा वर्षं गेली.

दुसरी वाट म्हणजे बाहेरून महाग येणारी वस्तू आपणच बनवायची. ही वाट कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमारास इथेच सिनेमाचा कॅमेरा बनवला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. गूगलने पुढे हेच केलं. सुरुवातीला त्यांच्या चालकरहित गाड्यांवर वेलोडाइनचा डोळा होता. मग त्यांनी स्वतःचा लायडार रचायला घेतला, आणि २०१७ च्या जानेवारीत त्यांच्या वेमो कंपनीने सांगितलं की ७५ हजार डॉलरचा खर्च आम्ही नव्वद टक्क्यांहून जास्त खाली आणला.

तिसरी वाट मला स्वतःला सगळ्यांत विचार करायला लावणारी वाटते, आणि तिच्यावर एक मराठी नाव आहे. रमेश रासकर. जन्म नाशिकचा, अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीत, पुढे अमेरिकेत, आणि २००८ पासून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. त्यांच्या गटाने २०११ मध्ये जगापुढे एक कॅमेरा आणला. सेकंदाला एक लाख कोटी चित्रं, या हिशेबाने तो प्रकाशाची हालचाल दाखवायचा. बाटलीत शिरलेला प्रकाशाचा ठिपका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना दिसतो, अशी ती चित्रफीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. २०१२ मध्ये याच तंत्राने त्यांनी कोपऱ्याआड लपलेल्या वस्तूचा आकार काढून दाखवला. प्रकाश भिंतीवर आपटून कोपऱ्यामागे जातो, तिथून पुन्हा भिंतीवर येतो, मग कॅमेऱ्यात. त्याचा उशीर मोजायचा आणि आकार गणिताने उकलायचा. पण त्या प्रयोगाच्या मांडणीचा खर्च होता सुमारे पाच लाख डॉलर!

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच गटाने हाँगकाँगच्या एका परिषदेत दुसरा कॅमेरा मांडला. त्याला त्यांनी नॅनो कॅमेरा म्हटलं. खर्च पाचशे डॉलर. पाच लाखांचे पाचशे झाले कसे? हा पहिल्या कॅमेऱ्याचा स्वस्त उतारा होता का? नव्हता. इथे त्यांनी प्रश्नच बदलला. अंतर मोजणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांची एक जुनी खोड होती. समोर काच असेल, धुकं असेल, पाऊस असेल, तर प्रकाश एकाच वेळी अनेक ठिकाणांहून परततो. कॅमेऱ्याला ती सगळी उत्तरं एकदम ऐकू येतात आणि तो गोंधळतो. त्यावर महाग उपाय म्हणजे इतकं वेगवान यंत्र घ्या की प्रत्येक उत्तर वेगळं पकडता येईल. रासकरांच्या गटाने दूरसंचारातली युक्ती उचलली. प्रकाश सोडतानाच त्याला एक सांकेतिक लय द्यायची. मग परत आलेल्या गोंधळातून कुठलं उत्तर किती उशिरा आलं, हे हिशेबाने वेगळं करता येतं. लोखंड, काच, आरसे यांनी करायचं काम आकडेमोडीकडे दिलं. आणि आकडेमोड गेल्या पन्नास वर्षांत स्वस्तच होत आली आहे.

नॅनो कॅमेरा काही थेट गाडीवर चढला नाही. तो प्रयोगशाळेतला, थोड्या अंतरावर बघणारा. पण गाड्यांची टक्कर टाळणं हा त्याचा एक उपयोग म्हणून तेव्हाच सांगितला गेला होता. २०१८ मध्ये मीडिया लॅबमधल्या याच गटाने कृत्रिम धुक्यात प्रयोग केला. माणसाला ३६ सेंटीमीटरपलीकडचं दिसत नव्हतं, तिथे त्यांच्या कॅमेऱ्याने ५७ सेंटीमीटरवरच्या वस्तूचा आकार आणि अंतर सांगितलं. तुम्ही म्हणाल, वीतभर वाढलं, त्यात काय? पावसाळ्यात आंबोलीच्या घाटातून किंवा गगनबावड्याहून खाली उतरताना पुढच्या ट्रकचा मागचा दिवा शेवटच्या क्षणी दिसतो. ज्यांनी तो अनुभव घेतलाय, ते या वीतभराला कमी म्हणणार नाहीत.

आता मूळ कथेकडे येऊ. ती दहा वर्षांची कोंडी फुटली कशी? तीन गोष्टी जुळून आल्या.

पहिली, फिरता डोलारा गेला. अनेक भाग एका चिपवर आले. पूर्वीचे लेसर कडेने प्रकाश द्यायचे. एकेक कापा, एकेक बसवा, मग तपासा. नवे लेसर चिपच्या पृष्ठभागातूनच सरळ वर प्रकाश देतात, शेकडो एकदम बनतात आणि कापण्याआधीच तपासता येतात. कुशल हाताचं काम छपाईसारखं झालं.

दुसरी, ऑर्डर आली, पण आधी गाडीकडून आली नाही. ती आली खिशातून! चेहरा ओळखणाऱ्या फोनसाठी असे लेसर कोटींच्या संख्येने लागले. २०२० मध्ये तर ॲपलने आयपॅड आणि आयफोनच्या महागड्या प्रकारांत लायडारच घातला. पॅटर्नचा खर्च फोनवाल्याने उचलला, फायदा गाडीवाल्याला झाला.

तिसरी, चीन. तिथल्या विजेच्या गाड्यांच्या कंपन्यांमध्ये अशी चढाओढ लागली की लायडार ही गाडीची मिरवायची गोष्ट झाली. हेसाई, रोबोसेन्स या कंपन्यांना लाखांत ऑर्डर मिळाल्या. कोंडीचं कुलूप त्यांनी उघडलं.

या वाटेवर पडलेही बरेच. वेलोडाइनने १ जानेवारी २०१८ रोजी आपल्या सोळा लेसरच्या यंत्राची किंमत ७,९९९ डॉलरवरून ३,९९९ वर आणली. पाच वर्षांत त्या कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व संपलं, २०२३ मध्ये ती ऑस्टर कंपनीत विलीन झाली. क्वानर्जीने २०२२ च्या डिसेंबरात दिवाळखोरी जाहीर केली. जर्मनीची इबिओ त्याच वर्षी नादारीत गेली. ज्यांनी वाट पाडली त्यांना ती चालता आली नाही, असं उद्योगाच्या इतिहासात फार वेळा होतं.

स्वस्ताईची एक तांत्रिक बाजूही सांगतो, कारण तिच्यात नीतीचा प्रश्न दडलाय. स्वस्त लायडार बहुतेक ९०५ नॅनोमीटर लांबीच्या लहरीवर चालतात. तो प्रकाश टिपायला आपलं नेहमीचं सिलिकॉन पुरतं, म्हणून स्वस्त. पण हा प्रकाश डोळ्यात शिरला तर थेट पडद्यापर्यंत जातो. म्हणून त्याची ताकद कमी ठेवावी लागते, आणि ताकद कमी म्हणजे पल्ला आखूड. १,५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, त्यामुळे तो जास्त ताकदीने सोडता येतो, लांबचं दिसतं. पण तो टिपणारा ग्राहक सिलिकॉनचा चालत नाही, तो महाग. म्हणजे किंमत, पल्ला आणि रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्याची सुरक्षा, हे तिन्ही एकाच तराजूत आहेत. किंमत उतरवताना आपण दुसऱ्या पारड्यातून काय काढतो, हे दर वेळी विचारायला हवं.

आता दुसरा प्रश्न. उपयोग कुणाला?

आपल्या महाराष्ट्रात लायडार आला, पण कसा? विमानाला लावून. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गाची मोजणी हवाई लायडारने झाली. ज्या कामाला दहा-बारा महिने लागतात ते बारा आठवड्यांत उरकलं. मार्च २०२१ मध्ये मुंबई–नागपूर मार्गासाठीही अशी मोजणी सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. पण जमीन मोजणारा लायडार वेगळा, आणि सायकलवरून घरी निघालेल्या माणसाला वाचवणारा वेगळा.

नागपुरातच सप्टेंबर २०२१ मध्ये आयरास्ते हा प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसवर टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवली. ती लायडारवर नाही, कॅमेऱ्यावर चालते. यामागे जगभर चाललेला एक वाद आहे. टेस्लाचे इलॉन मस्क सांगत आले आहेत की लायडारवर विसंबणं चूक, कॅमेरा पुरेसा आहे. माणूस दोन डोळ्यांनी गाडी चालवतो, मग यंत्राने का नाही? त्यावर उत्तर असं की माणूस रात्री, धुक्यात, समोरच्या दिव्याने दिपल्यावर चुकतो, आणि कॅमेराही तिथेच चुकतो. लायडार स्वतःचा प्रकाश घेऊन येतो, त्याला अंधाराचं भय नाही. पण जेव्हा एक वस्तू तीस लाखांची आणि दुसरी काही हजारांची होती, तेव्हा हा वाद खऱ्या अर्थाने झालाच नव्हता. किमतीनेच निकाल दिला होता. आता सतरा हजारांवर आल्यावर तो गुणवत्तेवर होऊ शकतो. किंमत उतरण्याचा मला दिसणारा सगळ्यांत मोठा लाभ हाच. इतके दिवस किमतीच्या आड लपलेला निर्णय उघड्यावर येतो.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरला एका कार्यक्रमात नितीन गडकरी यांनी सांगितलं की चालकरहित गाड्या आपण भारतात येऊ देणार नाही, कारण चालकांच्या नोकऱ्या जातील. या भूमिकेवर मतभेद असू शकतात. पण एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चालक काढून टाकण्यासाठी लायडार आणि चालकाला मदत म्हणून लायडार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रभर ट्रक हाकणाऱ्या माणसाला पहाटे चारला झापड येते. तेव्हा समोरचा उभा कंटेनर ओळखून ब्रेक लावणारं यंत्र त्याची नोकरी घेत नाही, त्याचा जीव वाचवतं. स्वस्त डोळा कुठल्या कामाला लावायचा हे यंत्र ठरवत नाही. ते आपण ठरवायचं आहे.

कांट या तत्त्ववेत्त्याने १७८५ मध्ये एक भेद मांडला. काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या बदल्यात दुसरं काही चालतं. माणसाला मात्र प्रतिष्ठा असते, त्याच्या बदल्यात काहीच चालत नाही. आपल्या भाषेतही हे आहेच. बाजारात आपण किंमत विचारतो, पण जीव गेला की म्हणतो, त्याचं मोल होत नाही. महागडं सुरक्षायंत्र हा भेद रोज मोडतं, आणि आपल्याला कळतही नाही. ज्याच्याकडे तीस लाख आहेत त्याचा जीव वाचेल, असं ते न बोलता सांगत असतं.

आता तो सुरुवातीचा आकडा पुन्हा घ्या. १,६८,४९१. त्यातले जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरचे, आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. यांच्यापैकी कुणीच लायडार विकत घेणार नव्हतं. त्यांचा जीव समोरून येणाऱ्या ट्रकवर, बसवर, मोटारीवर काय बसवलंय यावर अवलंबून होता. म्हणून हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या खिशावर सोडून चालणार नाही. तो नियमाचा प्रश्न आहे. आणि नियम होऊ शकतात, हे आपण पाहिलंय. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षी १ जुलैपासून मोटारीत चालकाची एअरबॅग, आणि एप्रिल २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये शेजारच्या प्रवाशाचीही. आधी या गोष्टी महागड्या गाडीत वेगळे पैसे मोजून घ्यायच्या होत्या. त्या स्वस्त झाल्या म्हणून नियम करता आला, आणि नियम झाला म्हणून त्या आणखी स्वस्त झाल्या.

लायडारच्या बाबतीत आपण त्याच उंबऱ्यावर आहोत. ‘परवडत नाही’ हे उत्तर तीस लाखांना खरं होतं. चाळीस लाखांच्या ट्रकवरच्या सतरा हजारांच्या यंत्राला ते शोभत नाही. लायडार असो, कॅमेरा असो की रडार, आपल्या रस्त्यांवर, आपल्या धुक्यात आणि धुळीत कोणतं चालतं ते तपासायला हवं. ते काम पुणे-नागपूरच्या संस्थांचं आहे, आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांचंही आहे. रासकरांची वाट त्यांना खुली आहे, कारण तिला भांडवलापेक्षा गणित जास्त लागतं. आणि तपासून झालं की अवजड वाहनांपासून नियम सुरू करा, हे मागणं आपलं, नागरिकांचं.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील ते जरूर विचारा, विशेषतः फाउंड्रीवाल्यांनी. थांबतो.